जासिंतोचं नाव कुणी सांगितलं?

मोंतेसोब्रु, १२ मे १९७४

जासिंतोदादा,

अक्षर दुकानदार लिओनेलचं आहे, बोलणं माझं. तू तुरुंगातून सुटलास आणि गावाकडे न वळता पायीच सरहद्द ओलांडून फ्रान्सला गेलास, त्याला नऊ वर्षं झाली. तेवढ्या काळात मी चार पत्रं धाडली, तुझं एकही आलं नाही. हे पाचवं. या खेपेला सांगण्यासारखं काही आहे, म्हणून तरी उत्तर दे.

सरकार पडलं. तुला तिकडे रेडिओवर कळलंच असेल. लिस्बनमध्ये फौजच उठली आणि हुकूमशहाला विमानात बसवून दूरच्या बेटावर धाडलं. आपल्याकडे दुपारपर्यंत कुणाचा विश्वास बसेना. लिओनेलच्या दुकानात रेडिओपाशी चाळीसेक माणसं जमली होती. तेवढ्यात पोलिकार्पो मुकादम घोड्यावरून आला आणि म्हणाला, “काय रे, आज सुट्टी कुणी दिली?” एरवी पांगणारी माणसं जागची हलली नाहीत. माझा नवरा विसेंत म्हणाला, “फौजेनं दिली.” पोलिकार्पो खाली उतरला आणि तोही रेडिओ ऐकायला उभा राहिला.

मी अजून जमीनदारांच्या मोठ्या घरी स्वयंपाकाला आहे. मालकीणबाई दोना कॉन्स्तान्सांनी तीन दिवस खिडक्या उघडू दिल्या नाहीत. चौथ्या दिवशी विचारलं, “गावात काय बोलतात?” मी म्हटलं, “पावाचं पीठ संपलंय.”

आई एकोणसत्तरच्या जानेवारीत गेली, ते मागच्या पत्रात कळवलं होतं. तुझं अंथरूण अजून तिच्या पेटीत आहे.

तुरुंगात मी तुला भेटायला आले नाही. लिओनेल विचारतोय, कारण काय लिहू? लिही म्हटलं, गाडीभाडं नव्हतं.

आता तुला कुणी पकडणार नाही. घरी ये.

तुझी बहीण,
एर्मिंदा

ता. क. जासिंतो, हे माझं स्वतःचं. बासष्टच्या संपात तू आठ तासांच्या कामासाठी तीन वर्षं आत गेलास. ते गाव विसरलेलं नाही. ये. — लिओनेल


मोंतेसोब्रु, ९ मार्च १९७५

दादा,

तुझं पत्र पोचलं. हे उत्तर तेरेझा लिहून देते आहे. ती लिस्बनच्या विद्यापीठातली मुलगी आहे, आम्हा बायकांना अक्षरं शिकवायला आली आहे. मला माझं नाव लिहिता येतं. तुझं अजून जमत नाही.

जमीन घेतली. गेल्या मंगळवारी सकाळी साठ माणसं, दोन ट्रॅक्टर आणि पाद्रीबाबांचं गाढव एवढा लवाजमा घेऊन सगळे मोठ्या घरापाशी गेले. मी आतून दार उघडलं आणि बाहेर येऊन त्यांच्यात उभी राहिले. दोना पायरीवर आल्या.

“एर्मिंदा, तूसुद्धा?”

“हो बाईसाहेब, मीसुद्धा.”

“मग आज जेवण कोण करणार?”

सगळे हसले. त्या मात्र खरंच विचारत होत्या. दुपारी दोन पेट्या आणि कुत्रा घेऊन त्या गाडीत बसल्या. मुलगा दुआर्त आधीच ब्राझीलला गेला आहे. सहकारी शेतीचं नाव ‘पहिला नांगर’ ठेवलंय. समितीचा अध्यक्ष पोलिकार्पो. हो, तोच. कुठल्या वावरात काय पेरलंय हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. विसेंत म्हणतो, “काल चाबूक, आज झेंडा. हात तोच.” पण मत त्यानंही पोलिकार्पोलाच दिलं.

आता तुझ्या पत्राचं. फ्रान्सहून पत्र आलं म्हटल्यावर सगळ्यांनाच ऐकायचं होतं. तेरेझानं ते धान्याच्या कोठारात, सभेत मोठ्यानं वाचलं. तुरुंगातल्या मारामुळे तुला उजव्या कानानं ऐकू येत नाही हे ऐकून बायका रडल्या. मग शेवट आला. तू लिहिलंस: ‘मी कोळसे पाडणाऱ्या बेंतुच्या खोपटात झोपतो हे बाहेरच्या कुणाला माहीत नव्हतं. पोलीस सरळ तिथेच आले. तीन वर्षं कोठडीत मी एवढाच विचार केला. आता देश मोकळा झालाय, तर एवढं शोधून काढा. माझं नाव कुणी सांगितलं?’

मग पोलिकार्पो म्हणाला, “टेलिफोन कुणाकडे होता? सगळ्या गावाची पत्रं कोण वाचत होतं?”

लिओनेल मागे पोत्यांपाशी उभा होता. तो म्हणाला, “मी तुमची पत्रं लिहिली. तुम्हीच सांगितलीत म्हणून लिहिली.”

“आणि वाचलीस!” कुणीतरी ओरडलं.

“तुम्हीच वाचायला आणलीत की रे.”

पण ते कुणी ऐकलं नाही. एवढी माणसं एकदम बोलायला लागली की काही ऐकू येत नाही. मी काही बोलले नाही. मला काय ठाऊक असणार? तेव्हा मी सतरा वर्षांची होते.

एर्मिंदा


३ नोव्हेंबर १९७५

दादा,

हे मी लिहिते. माझ्या हातानं. चुका असतील.

पीक चांगलं आलं. शिकारीसाठी पडीक ठेवलेलं माळरान नांगरलं. तिथे गहू झाला. पाळणाघर निघालं. मोठ्या घराच्या जेवणघरात मुलं झोपतात. एप्रिलमध्ये मत दिलं. दोन तास रांग होती. आपल्या शेजारची म्हातारी जास्मिना लग्नातला रेशमी रुमाल बांधून आली होती.

लिओनेल गेला. मेला नाही, गाव सोडलं. आधी कुणीतरी त्याच्या दारावर लाल रंगानं ‘भेदी’ लिहिलं. त्यानं खरवडलं, दुसऱ्या दिवशी परत लिहिलं. टेलिफोनची तार कापली. मग समितीनं आपलं दुकान काढलं. त्याच्याकडून मीठसुद्धा कुणी घेईना. मीही घेतलं नाही.

जायच्या आधी त्याची बायको कुस्तोदिया धुण्याच्या टाकीवर आली. मी चादरी पिळत होते.

ती म्हणाली, “एर्मिंदा, तू त्या घरात होतीस. टेलिफोन तिथून झाला की आमच्याकडून, तुला कळलं असेल. सांग ना.”

मी म्हटलं, “मी स्वयंपाकघरात असायचे, काकू. टेलिफोन दिवाणखान्यात.”

“बरं,” ती म्हणाली.

ती दोघं ट्रकमधून सेतुबालला गेली, मुलीकडे. ट्रकवर तराजू पण होता.

तुझं कार्ड मिळालं. ‘न्याय झाला, बरं वाटलं’ असं लिहिलंस. मी ते विसेंतला वाचून दाखवलं. मी मोठ्यानं वाचलेलं पहिलं पत्र ते.

एर्मिंदा


मोंतेसोब्रु, १९ ऑक्टोबर १९८०

दादा,

ऑगस्टमध्ये येतो म्हणालास, म्हणून पुढच्या खोलीला चुना दिला होता. असो. चुना वाया जात नाही.

तुझ्या वर्तमानपत्रात आलेलं खरं आहे. लिस्बनमध्ये सरकारं येतात आणि जातात, मला आता नावं आठवत नाहीत. एकानं दिलेली जमीन दुसऱ्यानं कायदा करून मालकांना परत द्यायला सुरुवात केली. आमच्याकडे गेल्या आठवड्यात घोड्यांवरून शिपाई आले. कोर्टाचा कागद होता: मोठं घर, विहिरीकडची जमीन आणि एकशे दहा गाई दोना कॉन्स्तान्सांना परत. बायकांनी फाटकात साखळी केली. मीही होते, डावीकडून तिसरी. शिपाई तरणे होते. एक जण म्हणाला, “मावशी, बाजूला व्हा ना, आम्हालाही घरी जायचंय.” मग घोडे पुढे घातले. जास्मिनाचा खांदा निखळला. गाई कुठल्या, हे शिपायांना कळेना. तेव्हा पोलिकार्पोनं एकेक दाखवून दिली.

विसेंत म्हणाला, “तुला लाज वाटत नाही?”

पोलिकार्पो म्हणाला, “चुकीच्या गाई नेल्या असत्या तर तुमचंच नुकसान झालं असतं.” आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होतं.

तेरेझाला दोन पत्रं टाकली. ती मंत्रालयात नोकरीला लागलीय असं कळलं. उत्तर नाही.

दोना परत आल्या. केस पांढरे झालेत. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि बाजूला नेऊन थोडं बोलल्या. कामाचंच. दुसऱ्या दिवसापासून मी परत त्यांच्या स्वयंपाकघरात जाते. विसेंत तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ‘पहिला नांगर’मध्ये आता बावीस माणसं उरलीत आणि त्यांची आपसात तीन भांडणं आहेत.

एर्मिंदा


मोंतेसोब्रु, २५ जानेवारी १९८७

दादा,

तू विचारलंस, आता गावात कसं आहे. वाईट आहे असं म्हणता येणार नाही. घराघरात वीज आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो आणि बायकांचंही ऐकून घेतो. कुणाला कुणी पकडून नेत नाही. कुणाला काहीही बोलता येतं, म्हणून कुणी फारसं बोलत नाही.

आपला देश युरोपच्या सामायिक बाजारात गेला. ‘पहिला नांगर’ बुडाला. ट्रॅक्टर लिलावात गेले, पाळणाघर बंद झालं, कारण मुलंच उरली नाहीत. दोना कॉन्स्तान्सांचा दुआर्त ब्राझीलहून आला आणि माळरानावर निलगिरी लावली. बुचाच्या झाडाची साल नऊ वर्षांनी काढायची, तेवढा धीर त्याला नाही. पोलिकार्पो आता गावच्या पंचायतीचा अध्यक्ष आहे, दुसऱ्याच पक्षाकडून. लोकांनी मतं देऊन निवडलाय. मीही त्यालाच मत दिलं. त्यानं रस्ता केला. विसेंत माझ्याशी परत बोलतो, कामापुरतं.

लिओनेल गेल्या महिन्यात सेतुबालला वारला. कुस्तोदियाकाकू परत आली, बंद दुकानाच्या मागच्या खोलीत राहते. दारावरचा रंग अजून पुरता गेलेला नाही. तिच्याशी मी अजून बोलले नाही. बाजारात दिसते.

एर्मिंदा


मोंतेसोब्रु, ६ फेब्रुवारी १९९४

दादा,

तू लिहिलंस की लिस्बनमध्ये जुन्या पोलिसांचे कागद आता ज्याचे त्याला वाचता येतात. तू अर्ज केलास आणि मार्चमध्ये येऊन वाचणार आहेस. त्याआधी हे पत्र पोचायला हवं, म्हणून आजच टाकते.

तुझं नाव मी सांगितलं.

मला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही, काही देऊ केलं नाही. बासष्टचा मे महिना होता. मी मोठ्या घरी चादरींना इस्त्री करत होते. दोना खिडकीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “जासिंतो घरी झोपत नाही म्हणे. तुझ्या आईला काळजी वाटत असेल.”

मी म्हटलं, “काळजी कसली? बेंतुच्या खोपटात झोपतो. संपाची पत्रकंही तिथेच आहेत.”

“शहाणी आहेस,” त्या म्हणाल्या. मी पुढची चादर घेतली.

मला कळत होतं का? तू हे विचारशील. तीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की पोर होते, कळत नव्हतं. ते खरं नाही. पत्रकांचं त्यांनी विचारलं नव्हतं. ते मी आपणहून सांगितलं. त्याच्या आदल्या रविवारी तू चार माणसांत मला ‘मोठ्या घरची चमची’ म्हणाला होतास. मला तुझा राग आला होता. तुला कुणीतरी दटावावं, एवढंच मनात होतं. तीन वर्षं नव्हती मनात. कान नव्हता. पण दटावणारं कोण होतं, ते मला ठाऊक होतं.

तुरुंगात आले नाही ते गाडीभाड्यासाठी नाही. आईनं बांगडी विकून भाडं दिलं होतं. मी एव्होराच्या स्टेशनपर्यंत गेले, फलाटावर बसले आणि परत आले. आईला सांगितलं, तू बरा आहेस.

ऐंशीमध्ये दोना मला म्हणाल्या होत्या, “तू त्या वेळी मला खरं सांगितलंस, ते मी कुणाजवळ बोलले नाही. बोलणारही नाही.” म्हणून मी कामावर गेले. त्या तीन वर्षांपूर्वी वारल्या. आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. कागदात असेल तर असेल.

तू आता काय करायचं ते मी सांगणार नाही. विसेंतला उद्या सांगते.

एर्मिंदा


मोंतेसोब्रु, १ मे १९९४

दादा,

तुझं लांब पत्र दोनदा वाचलं. तू लिहितोस की कागदांप्रमाणे पोलिसांना खोपट अकरा दिवस आधीच ठाऊक होतं. कुणा दुसऱ्याच भेद्यानं कळवलं होतं. त्याचं नाव नाही, नुसता आकडा आहे. माझी एकच ओळ, ‘घरातील मोलकरणीकडून खात्री झाली’. म्हणून मी मनाला लावून घेऊ नये, ते सगळं त्या लोकांनी केलं, असं तू म्हणतोस.

तू हे लिहिलंस, तुझे उपकार. ओळ वाचून तुला काय वाटलं ते मात्र लिहिलं नाहीस. तेही कधीतरी लिही.

पण दादा, लिओनेलचं कुणी केलं? तेव्हा ते लोक नव्हते. हुकूमशहा नव्हता, पोलीस नव्हते, दोनाही नव्हत्या. कोठाराची दारं सताड उघडी होती, कुणालाही काहीही बोलता येत होतं, आणि खरं ठाऊक असलेली एकच बाई तिथे बसली होती. ते कुठल्या कागदात सापडणार नाही.

विसेंतला सांगितलं तेव्हा तो बूट घालत होता. म्हणाला, “ऐंशीपासून मला वाटतच होतं.” दुसरा बूट घातला. मग म्हणाला, “कुस्तोदियाकडे एकटी जाणार की मी येऊ?” मी एकटी गेले.

काकू अंगणात शेंगा सोलत होती. बस म्हणाली. मी बसले नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. शेंगा संपल्यावर म्हणाली, “मी त्याला विचारत राहिले, ठाऊक आहे? सेतुबालला गेल्यावर पहिलं वर्षभर रोज. मग सणासुदीला. दवाखान्यात शेवटच्या दिवशीही विचारलं. म्हटलं, लिओनेल, आता कुणी काही करणार नाही, मला एकटीला तरी सांग. तो म्हणाला, नाही गं. आणि मी विश्वास नाही ठेवला.”

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “मला काय करायचीय ती? माझ्या अंगणात बोलून काय उपयोग? जिथं त्याचं नाव घेतलं गेलं, तिथं जाऊन बोल.”

त्या कोठाराचं आता दुआर्तनं परगावच्या पाहुण्यांसाठी जेवणाचं दालन केलंय. क्रांतीला वीस वर्षं झाली म्हणून पंचवीस एप्रिलचा समारंभ तिथेच होता. बँड होता, मटण होतं. पोलिकार्पोनं भाषण केलं, साठ माणसांनी जमीन घेतली ते सांगितलं, आणि आपण सर्वांत पुढे होतो असंही सांगितलं. ‘आणखी कुणाला बोलायचंय का?’ असं त्यानं रीतीनं विचारलं. मी उठले.

फार वेळ बोलले नाही. माझ्या भावाचं नाव मी सांगितलं. लिओनेलनं नाही. तुम्ही त्याच्या दारावर लिहिलंत तेव्हा मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले. एवढंच.

पुढे बसलेल्या पोरांना लिओनेल कोण, हेच माहीत नव्हतं. एकानं टाळी वाजवली, त्याच्या आईनं त्याचा हात धरला. जास्मिना उठून बाहेर गेली. ती आता माझ्या दारावरून जात नाही, वळसा घालून जाते.

पोलिकार्पो गोड आवाजात म्हणाला, “एर्मिंदाबाई, जुनं कशाला उकरायचं? आज आनंदाचा दिवस.”

मी म्हटलं, “टेलिफोनचं पहिल्यांदा तू काढलंस, पोलिकार्पो. माझं बोलून झालं. आता तुझी पाळी.”

त्यानं बँडवाल्यांकडे पाहिलं आणि ते वाजवायला लागले.

कुस्तोदियाकाकू दाराशी खुर्ची टाकून बसली होती. ती माझ्याकडे आली नाही, मीही तिच्याकडे गेले नाही. पण समारंभ संपेपर्यंत ती उठली नाही. सगळ्यांना तिच्यासमोरून जावं लागलं. काहींनी टोपी काढली.

तू ऑगस्टमध्ये नक्की येतो म्हणतोस. माझ्याकडे उतरायचं की नाही ते तू ठरव. काकूकडेही दुकानाची पुढची खोली रिकामी आहे, तिनं निरोप दिलाय. कुठेही उतर, पण ते पोलिसांचे कागद बरोबर आण. तिला वाचता येत नाही. तिच्याशेजारी बस आणि एकेक पान उलटून दाखव. घाई करू नकोस. ज्या पानावर लिओनेलचं नाव नाही, ते प्रत्येक पान तिला बघायचं आहे.

एर्मिंदा